बी

टोलिडोच्या कम्युनिटी कॉलेजात, खोली दोनशे सहा.
हीटर खोकतो, मी फळ्यावर अपेक्षा लिहिते:
पाच निबंध. एक इंच समास. ओळीत अंतर दुप्पट.
उशीर झाला तर दिवसामागे अर्धी श्रेणी खाली.
आणि पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी
तुमचं म्हणणं, एका वाक्यात,
दारावरच्या पाटीसारखं.
मुलं फळ्याचा फोटो काढतात.
लेखनाचा वर्ग आहे, लिहून कोणी घेत नाही.

फक्त रोझलिन प्रुइट घेते,
त्रेपन्न वर्षांची, मागच्या बाकावर, पेन्सिलने.
हात वर करून विचारते,
म्हणणं आधीच ठाऊक असेल तर लिहायचं कशाला?
चांगला प्रश्न आहे, मी म्हणाले.
उत्तर नसलं की मास्तर हेच म्हणतात.

तिसरा निबंध. विषय: तुम्हाला येणारी एक गोष्ट.
रविवारी लाँड्रोमॅटमध्ये बसले,
चादरी वाळेपर्यंत जितके होतील तितके.
मांडीवर सेहेचाळीस जणांचा गठ्ठा, वर तक्ता:
म्हणणं वीस, पुरावे तीस, रचना वीस,
भाषा वीस, स्वतःचा आवाज दहा.
दहापैकी सात आवाज कसा ऐकू येतो
मला माहीत नाही. सहा वर्षं देतेय.

रोझलिन लिहिते:
काचेच्या कारखान्यात एकवीस वर्षं
पट्ट्यापाशी उभी होते. पुढून बरण्या, मागून दिवा.
तडा दिसला, फेक. खडा दिसला, फेक.
काचेत अडकलेला बारीक बुडबुडा असतो,
त्याला आम्ही बी म्हणायचो. पेरतात ती बी.
एक असली तर चालते. चार असल्या तर नाही.
तीन असल्या तर कोणी काही सांगत नाही,
तेव्हा तुमचे डोळे, आणि किती वाजलेत ते.
पहाटे तीनला मी धडक्या बरण्या फोडल्यात
आणि सोडून दिलेल्या बरण्यांतून
लोकांनी खुशाल काकड्या खाल्ल्यात.

चार पानं. समास वाकडा.
म्हणणं पहिल्या परिच्छेदात नाही, दुसऱ्यात नाही,
सापडलं शेवटच्या ओळीत,
कोटाच्या अस्तरात घसरलेल्या नाण्यासारखं:
फेकलेली बरणी पुन्हा भट्टीतच जाते,
हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं
तर माझा हात इतका थरथरला नसता.

ड्रायर थांबला. मी उठले नाही.

खामगाव, सातवी ब. विषय: आमची सहल.
मी लिहिलं होतं, मी बी गेली होती.
कोरडे गुरुजींनी लाल शाईने बी खोडलं,
वर सुद्धा लिहिलं, गेलीचं गेले केलं,
आणि दहापैकी चार.
सहलीत मी धरणाच्या भिंतीवर काय पाहिलं होतं
त्यावर एक टिंबही नाही.
त्या दिवसापासून घरी सुद्धा म्हणायला लागले.
भाऊ जेवता जेवता ठसका लागेस्तोवर हसला.

तक्ता तर भरायलाच हवा.
म्हणणं अकरा, अपेक्षेच्या जागी नाही म्हणून.
पुरावे अठ्ठावीस, रचना सोळा, भाषा अठरा.
आवाज दहा. आयुष्यात पहिल्यांदा दहा.
बेरीज त्र्याऐंशी.
त्र्याऐंशीला बी येतो.
लिहिला, आणि बघत राहिले
तिच्या काचेत माझा बुडबुडा.

सोमवारी तिने कागद घेतला,
श्रेणी बघायच्या आधी
ट्यूबलाइटसमोर धरला, सवयीने.
मग म्हणाली, पुन्हा लिहून आणला तर?
फळ्यावर तसं कुठे नव्हतं.
आणा, मी म्हणाले, आणि पाटीचं विसरा.
ती पेन्सिलीला टोक करू लागली.

मी बी लिहीन पुन्हा, ती सहल,
असं म्हणायचं होतं, मराठीत, निदान स्वतःशी.
मनातल्या मनात बी
सुद्धाच आलं.